सात नंबरची विहीर

मुलींचं वसतिगृह, पुणे
१४ ऑगस्ट १९७७

प्रिय दादा,
जयभीम.

गेल्या रविवारी तू अंगणात ओतून दिलेली विहिरीच्या पाण्याची बाटली मी त्याच दिवशी पुन्हा भरून आणली. तू सायकलवर टांग टाकून निगडीला गेलास आणि मी दोर-बादली घेऊन निघाले. आता ती बाटली कॉलेजच्या प्रयोगशाळेत, थंड कपाटात, माझ्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेली आहे. तिथं तुझा हात पोचत नाही.

प्रभाशी माझं बोलणं संपलं, असं तू आईला सांगून गेलास. तुझं बोलणं संपलं असेल, माझं लिहिणं संपलेलं नाही. वाचायचं नसेल तर पत्र वहिनीकडे दे. ती वाचेल आणि मग तुला ऐकावंच लागेल, कारण निगडीची तुमची खोली दहा बाय दहाची आहे.

तू जे म्हणालास त्याचं उत्तर द्यायला मला आठवडा लागला. "ज्या विहिरीच्या कट्ट्याला आजीला कधी हात लावू दिला नाही, त्या विहिरीसाठी तू माझ्या पोटावर पाय देतेस?" वरच्या आळीतल्या हिंदुरावांच्या विहिरीच्या कट्ट्याखाली आजी घागर घेऊन बसायची, कुणीतरी वरून ओतेल म्हणून वाट बघत. ही गोष्ट मला तूच सांगितलीस, मी चौथीत असताना. ती ऐकून मी जेवले नव्हते. तेव्हा मला ती आठवत नाही असं समजू नकोस.

पण दादा, पाणी हिंदुरावांचं नाही. त्यांनी ते आपलं मानलं, ती त्यांची चूक. आता आपणही ते त्यांचंच मानायचं का? जमिनीखालचं पाणी कुणाच्या आळीतून कुणाच्या आळीत जातं, ते कुणाला विचारून जात नाही. मला चार वर्षं जे शिकवलं त्याचा अर्धा भाग एवढाच आहे.

विषय मी मुद्दाम शोधला असंही तुला वाटतं. तसं नाही. साठ जणांच्या वर्गात आम्ही दोघी मुली. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी सरांनी आम्हा दोघींना वाचनालयातले विषय दिले, धरणांचा इतिहास वगैरे. मी म्हटलं, सर, माझ्या गावच्या विहिरीचं पाणी पिवळं झालंय, मला ते तपासायचंय. सर म्हणाले, "मुलींना आम्ही फील्डवर पाठवत नाही." मी म्हटलं, मला पाठवू नका, मी तिथंच राहते. सरांनी माझं नाव लिहून घेतलं.

पिवळं झालंय हे मला हिंदुरावांच्या आई गोजाबाईंनी सांगितलं. बसच्या थांब्यावर भेटल्या होत्या. "म्हस त्या पान्याला तोंड लावीत न्हाई," म्हणाल्या. "मानसं पित्यात. मानसाला काय कळतंय."

तुझी कंपनी टाक्या कुठं रिकाम्या करते हे तुला कुणी सांगितलं, असं तू मला तीनदा विचारलंस. कुणी सांगितलं नाही. जमिनीचा उतार बघितला आणि कळलं. मुरमाची जुनी खाण कंपनीच्या भिंतीला लागून आहे, विहीर तिच्या खाली आहे. स्थापत्यच्या मुलीला एवढं कळतं.

बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते आणि तू डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतास. तू ड्रॉइंग बोर्ड सोडून त्या कंपनीत धातूला मुलामा द्यायच्या, प्लेटिंगच्या टाकीपुढं उभा राहिलास, म्हणून मी आज इथं आहे. ते मी नाकारत नाही. पण मला शिकवलंस ते काय डोळे मिटून बसायला? तसं असेल तर आठवीतच घरी बसवायची होतीस.

प्रभा


पुणे
९ ऑक्टोबर १९७७

प्रिय दादा,
जयभीम.

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं.

तपासणी झाली. कशी करतात ते तुला सांगते, कारण तू यंत्राचा माणूस आहेस, तुला आवडेल. नळीत पाणी घ्यायचं, थोडं आम्ल घालायचं, मग एक बिनरंगी औषध. पाण्यात क्रोमियम असेल तर पाच मिनिटांत ते जांभळं होतं. जितकं गडद, तितकं जास्त. प्रयोगशाळेतले ज्योतीराम, जे आम्हाला बाटल्या-नळ्या काढून देतात, ते माझ्याशेजारी उभे होते. वीस वर्षं त्यांनी मुलांचे प्रयोग बघितलेत. कॉलेजच्या नळाचं पाणी तसंच राहिलं. हिंदुरावांच्या विहिरीचं पाणी मोजून दोन मिनिटांत जांभळाच्या रसासारखं झालं. ज्योतीराम म्हणाले, "ताई, हे पितात?" मी म्हटलं, पितात.

लिटरला दोन पूर्णांक चार मिलिग्रॅम. पुस्तकात जेवढं चालतं असं लिहिलंय त्याच्या जवळजवळ पन्नास पट. आपल्या वस्तीच्या विहिरीचं विचारशील. ते अजून नक्की नाही, नंतर लिहीन.

आता दुसरी गोष्ट. तुला राग येणार, तरी लिहिते. वाचनालयात कारखान्यांतल्या आजारांवरचं एक जाड पुस्तक आहे. त्यात क्रोम प्लेटिंगवर चार पानं आहेत. टाकीतून जी वाफ वर येते ती श्वासातून नाकात जाते. आधी सर्दीसारखं वाटतं. मग खपल्या धरतात, रक्त येतं. मग नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडतं, आणि ते दुखत नाही, म्हणून माणसाला वाटतं बरं झालं.

गावच्या घरी असताना उशीवरचं रक्त तू उन्हाळ्याच्या नावावर खपवत होतास. आई त्या उशीचा अभ्रा वेगळा धुवायची. आम्ही दोघींनी एकमेकींना कधी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला माझा अभ्यास पुरा करायचा होता. हे लिहायला मला कठीण जातंय, पण खरं आहे.

डॉक्टरकडे जा. कंपनीच्या नको, बाहेरच्या. त्याला फक्त म्हण, नाकात बॅटरी मारून पाहा. जाणार नसशील तर मी त्या चार पानांची नक्कल करून तुझ्या शिफ्टच्या सगळ्या माणसांना पोस्टानं पाठवीन. पत्ते माझ्याकडे आहेत.

प्रभा


गावाहून
८ जानेवारी १९७८

प्रिय दादा,
जयभीम.

नाताळच्या सुट्टीत मी गावच्या नऊ विहिरींची पातळी मोजली. उपकरण कॉलेजातून बाहेर द्यायला सर तयार नव्हते, मुलगी एकटी, वाटेत काही झालं तर कोण बघणार. ज्योतीरामांनी स्वतःच्या नावावर रजिस्टरमध्ये लिहून ते मला दिलं. निगडीच्या बसमध्ये पेटी मांडीवर आणि तिपाई पायात धरून मी उभी... म्हणजे बसले होते, पण मांडी इतकी सुन्न झाली की उभी राहिले असते तर बरं झालं असतं. कंडक्टरनं विचारलं, "फोटो काढायचा क्यामेरा हाय का?" मी हो म्हटलं. समजावत बसले नाही.

पातळी मोजायला दोन माणसं लागतात. एक दुर्बिणीतून बघतो, दुसरा आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून समोर उभा राहतो. वर्गात पट्टी धरायला मुलं असतात. इथं कुणी यायला तयार नव्हतं. ज्यातलं माणूस कंपनीत नाही असं घर आपल्याकडं राहिलंय कुठं? शेवटी आई म्हणाली, "मी धरते."

मी म्हटलं, सरळ धरावी लागते, जराही कलता कामा नये. ती म्हणाली, "सरळ म्हंजी कशी?" मी म्हटलं, तू उभी राहतेस तशी. सहा दिवस तिनं ती पट्टी धरली. आकडे तिला वाचता येत नाहीत, पण तिसऱ्या दिवसापासून मी हात वर केला की ती स्वतःहून पुढच्या जागी जायची.

चौथ्या दिवशी हिंदुरावांची विहीर आली. पट्टी कट्ट्यावर ठेवावी लागते, कारण तिथूनच खाली पाण्यापर्यंत मोजायचं. आई कट्ट्याच्या दोन हात अलीकडं थांबली. मी दुर्बिणीतून बघत होते, त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, तशी मला ती उलटी दिसत होती, डोकं खाली, पाय वर. ती हलेना. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. ती गोष्ट माझ्या सांगण्यावरून व्हायला नको होती.

गोजाबाई पडवीतून बघत होत्या. त्या काठी टेकत आल्या. मला वाटलं, आता झालं. त्या म्हणाल्या, "ठेव गं कस्तुरे, ठेव. ह्या पान्याला आता आनिक काय इटाळ लागायचा ऱ्हायलाय."

आईनं पट्टी कट्ट्यावर ठेवली. सरळ, जराही न कलता. मी रीडिंग घेतलं. खात्रीसाठी दोनदा घेतलं.

घरी येताना आईनं विचारलं, "तुमच्या कालेजात ह्या पान्याला काय म्हंत्यात?" मी सांगितलं, प्रदूषण. तिला तो शब्द कळेना. मी म्हटलं, विटाळ म्हण, गोजाबाई म्हणाल्या तसं. आई वाटेत थांबली. तिनं पट्टी खांद्यावरून खाली घेतली आणि म्हणाली, "न्हाई. इटाळ खोटा हुता. हे खरं हाय. दोन्हीला एक शबुद नगं."

दादा, मी माझ्या प्रबंधात कुठंही आईचं हे वाक्य लिहू शकत नाही. म्हणून तुला लिहिलं.

नकाशा तयार झाला आहे. नऊ विहिरींच्या पाण्याची उंची काढली, सारख्या उंचीचे ठिपके जोडले की पाणी कुठून कुठं वाहतं ते दिसतं. हिंदुरावांच्या विहिरीचा बाण उलट धरत गेलं की तो सरळ खाणीत जाऊन टेकतो. तुझ्याशी भांडण झालं नसतं तर आधी तुलाच दाखवला असता. रेघा कशा मारायच्या ते मला तुझ्याकडूनच आलंय.

वहिनीला सांग, आईची तब्येत बरी आहे. नळाचं पाणी ती लांब मुख्य रस्त्यावरून आणते, मी तसं बजावलंय. का ते विचारू नकोस.

प्रभा


पुणे
१९ मार्च १९७८

दादा,
जयभीम.

वहिनीचं पत्र काल मिळालं. तुला सस्पेंड केलं हे त्यात आहे. अकरा दिवस झाले आणि तू कुणालाही कळवलं नाहीस.

तीन गोष्टी मी तुझ्यापासून लपवल्या होत्या. आज सांगते. पहिली सगळ्यात वाईट आहे.

खाणीचं मला उतारावरून कळलं नाही. उतार मी नंतर मोजला. मागच्या मे महिन्यात तू आईजवळ बसून सांगत होतास की शनिवारी शेवटची शिफ्ट सुटली की टाक्या मागच्या खाणीत मोकळ्या करतात, मुकादम आधी बाकीच्या कामगारांना घरी पाठवतो. मी न्हाणीत होते. मधे नुसता पत्रा. तू आईशी बोललास, माझ्याशी नाही, आणि मी ते उचललं. प्रदूषण मंडळाची नोटीस कंपनीत आल्यावर तुमच्या शेठनं पहिली शंका तुझ्यावर घेतली, ती म्हणूनच बरोबर निघाली. तुझ्या तोंडून आलं, फक्त तुला न विचारता.

दुसरी. तक्रार गावकऱ्यांनी केली असं आईनं तुला सांगितलं असेल. मीच तिला तसं सांगायला लावलं. अर्ज मी लिहिला, पहिली सही माझी आहे, पूर्ण नाव, वसतिगृहाच्या पत्त्यासकट. गोजाबाईंचा अंगठा दुसरा. हिंदुरावांनी आधी नाही म्हटलं, मग म्हातारीचा अंगठा बघून सही केली.

तिसरी. तू अंगणात ओतलीस ती बाटली हिंदुरावांच्या विहिरीची नव्हती. आपल्या वस्तीच्या विहिरीची होती. माझ्या नकाशावरची सात नंबरची. त्या पाण्याला रंग नाही, चव नाही. पण नळीत तेही जांभळं झालं. चालतं त्याच्या अठरा पट. मी ते तेव्हा सांगितलं नाही, कारण आईला पुढं करून मला तुझ्याशी भांडायचं नव्हतं. शिवाय मला स्वतःलाच त्याचा अर्थ लागत नाही. सात नंबर खाणीच्या वरच्या अंगाला आहे. खाणीतलं पाणी चढून वर येणार नाही.

सर म्हणाले, "बाटली नीट धुतली नसशील. ही एक नोंद काढून टाक, बाकीचा नकाशा निर्दोष आहे. बाहेरचे परीक्षक नेमकं यावरच बोट ठेवतील आणि सगळंच खोटं ठरेल." ते माझ्या वाईटावर नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं. मी पुन्हा तीन वेळा पाणी आणलं, तीन वेगळ्या बाटल्यांत, सरांच्या देखत धुतलेल्या. तीनही वेळा जांभळं. सर पुन्हा म्हणाले, काढ. मी म्हटलं, सर, त्या विहिरीवर एकेचाळीस घरं आहेत, ती कशी काढू?

नोंद राहिली आहे. नापास केलं तर करोत.

आता तुझं. वहिनी लिहिते की बहिणीचा नकाशा बनावट आहे आणि खाणीत कंपनीचं काही जात नाही, असं लिहून दिलंस तर सोमवारपासून कामावर घेतो, असं शेठ म्हणाला. तू अजून दिलेलं नाहीस.

द्यायचं तर दे, मी तुला दोष देणार नाही, असं मी इथं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. मी दोष देईन. तू मला रविवारी-रविवारी अपूर्णांक शिकवायचास तेव्हा उत्तर चुकलं की पाटी पुसून टाकायचास आणि म्हणायचास, जुळवून आणू नकोस, पुन्हा कर. तो माणूस जुळवून आणताना मला बघायचा नाही.

तुझी परवानगी न घेता तुझं बोलणं वापरलं, याची मात्र मला लाज वाटते. तेवढ्याचीच.

प्रभा


निगडी
२६ मार्च १९७८

प्रभा,
जयभीम.

तुझी चारही पत्रं मी वाचली. पहिलं वाचून फाडलं. मग चिकटवलं.

लिहून दिलेलं नाही. देणार नाही. तू सांगितलंस म्हणून नव्हे.

उतारावरून कळलं असं तू पहिल्या पत्रात लिहिलंस, ते खोटं हे मला तेव्हाच माहीत होतं. पत्र्यापलीकडं पाणी ओतायचा आवाज बंद झाला होता, त्यावरून. तू ऐकतेस हे बघून मी बोलायचा थांबलो नाही. का थांबलो नाही ते मलाही सांगता येत नाही. नंतर मलाच भीती वाटली आणि तुझी बाटली ओतली.

डॉक्टरकडे गेलो होतो. तू लिहिलंस तेच निघालं. भोक आहे. दोन वर्षं झाली, मला वास येत नाही. बायकोला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस, मी सांगेन.

आता सात नंबर. तुझ्या नकाशात चूक नाही, तुला एक गोष्ट माहीत नाही. दोन नंबरच्या शेडमध्ये फरशीखाली जुना हौद आहे. कंपनी सुरू झाली तेव्हाचा. मी लागलो त्या वर्षी त्याच्या तळाला तडा गेला. दुरुस्त करायच्या ऐवजी टाकीची खालची नळी त्यातच सोडून दिली आणि वरून फरशी घातली. किती सोडलं तरी तो भरत नाही म्हणून सगळे खूश होते. फरशी घालणाऱ्या पाच जणांत मी होतो. दोन नंबरची शेड आपल्या वस्तीच्या वर आहे, हे तुला सांगायला नको.

तो भरत का नाही, एवढा विचार मी आठ वर्षांत केला नाही. तुझं चौथं पत्र वाचून केला. आई ते पाणी पीत होती. मी पण पीत होतो. बाबांच्या नंतर घरात मी मोठा म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बघायचं आणि मी ती फरशी घालून घरी आलो आणि जेवलो.

तपासणीला माणसं येतील तेव्हा मला बोलाव. हौद कुठं आहे हे कागदावर नाही. जागा मला दाखवता येईल.

तुझ्या सरांना सांग, बाटली धुतलेली होती.

भीमराज


गावाहून
३ फेब्रुवारी १९८१

प्रिय दादा,
जयभीम.

तुला नाशिकला जाऊन अडीच वर्षं होतील. आपण भेटतो, बोलतो, पण त्या दिवसाविषयी आपण दोघं कधीच बोललो नाही. आज लिहिते.

मंडळाचे अधिकारी आले, शेठ म्हणाला इथं हौद-बिद काही नाही, आणि त्याच्या हातातल्या नकाशात खरंच नव्हता. तू खिशातून खडू काढलास. भिंतीपासून पावलं मोजलीस आणि फरशीवर एक चौकोन काढलास. पहार घेतलीस आणि पहिला घाव तूच घातलास. चौथ्या घावाला फरशी बसली. आत पिवळं-हिरवं पाणी होतं आणि सगळे नाकाला रुमाल लावून मागं सरले. तू तेवढा वाकून बघत राहिलास, कारण तुला वास येत नव्हता. मी त्या क्षणी तुझ्याकडे बघू शकले नाही. शेठकडे बघत राहिले.

शेड बंद झाली. चौदा माणसं घरी बसली, त्यात तू. उद्धवराव आपल्या शेजारचे, त्याच शेडमधले. दोन वर्षं ते आईशी बोलले नाहीत. मी पदवी घेऊन आले त्या दिवशी थांब्यावर मला म्हणाले, "ताई, तुमचं शिक्षण झालं, आमचं काम गेलं." मागच्या वर्षी ते भोसरीला दुसरीकडे लागले, आता मान हलवतात.

तुझं काम माझ्यामुळं गेलं. लोक म्हणतात कंपनीमुळं गेलं, तूही तसंच म्हणतोस. मी ते हलकं करून घेणार नाही. पण माफी मागणार नाही, कारण उद्या पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन. फक्त आधी तुला विचारीन.

आता इथली बातमी. दोन्ही विहिरींवर धोक्याची पाटी लागली आणि गावाला नळयोजना मंजूर झाली हे तुला माहीत आहे. योजना आमच्याच पाणीपुरवठा खात्याकडे आली. खात्यात मी एकटीच बाई असल्यामुळं रुजू झाल्या दिवशी मला ड्रॉइंगच्या खोलीत बसवलं होतं. तिथून बाहेर पडायला मला सात महिने लागले. बाहेर पडले ती या योजनेवर.

पाणी कमी, म्हणून सार्वजनिक नळ एकच बसतो. जागा मी काढली, वरच्या आळीला आणि आपल्या वस्तीला सारख्याच अंतरावर, हिंदुरावांच्या शेताच्या बांधाला. हिंदुरावांनी जागा दिली. मग गावातून अर्ज आला, नळ दोन हवेत, एक वर, एक वस्तीत. कारण लिहिलं होतं, गर्दी होऊ नये. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "बाई, कागदावर दोन ठिपके दाखवा आणि मोकळ्या व्हा. कशाला गावाशी वाकडं घेता? तुमचंच गाव आहे."

मी म्हटलं, माझंच गाव आहे म्हणून घेते. दोन नळांना दाब पुरणार नाही, तो हिशोब मी जोडला आहे. आणि दाब पुरला असता तरी दोन नळांच्या नकाशावर माझी सही मिळाली नसती, हेही लेखी देते. त्यांनी फाइल आठ महिने ठेवून घेतली. मला दोनदा बदलीची भीती घातली. मी दर सोमवारी जाऊन विचारायची, साहेब, माझी फाइल? शेवटी त्यांनाच माझा कंटाळा आला असावा.

काल सकाळी दहा वाजता पाणी सोडलं.

सगळं गाव बांधावर जमलं होतं. पहिलं भांडं कुणाचं, यावर अर्धा तास बोलणी चालली. हिंदुरावांचं म्हणणं, जागा आमची, आमच्या म्हातारीचं लावा. आपल्या वस्तीतले म्हणत होते, नकाशा आमच्या पोरीचा. मी तोटीपाशी पाना घेऊन उभी होते, मला दोन्हीकडून हाका मारत होते. मी पाना फिरवला. तोटी उघडली.

आईनं हंडा लावला.

कुणीतरी मागून म्हणालं, "कस्तुराबाई, जरा सरा तिकडं." आईनं वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "नळ सुटलाय. सरायला येळ न्हाई."

गोजाबाईंना आता नीट दिसत नाही. नातीच्या खांद्यावर हात ठेवून त्या आल्या, पितळी कळशी काखेत. चाचपडत त्यांनी आईच्या पाठीला हात लावला, हे कोण म्हणून विचारलं. आई म्हणाली, "मी, कस्तुरा." त्या म्हणाल्या, "बरं," आणि तिच्या मागं उभ्या राहिल्या. हिंदुराव पुढं झाले, म्हणाले, आई, तू पुढं चल. म्हातारी म्हणाली, "मी हितं उभी हाय. तूबी माझ्या मागं उभा ऱ्हा." ते उभे राहिले. मग त्यांच्या मागं आपल्या वस्तीतली चिमाबाई, आणि मग ज्याला जशी जागा मिळाली तसा.

हंडा भरायला दीड मिनिट लागलं. मी घड्याळात बघितलं. हिशोबाप्रमाणं सव्वा मिनिटात भरायला हवा होता, तेव्हा कुठंतरी सांधा गळतोय. या आठवड्यात तो शोधते.

वहिनीला आणि पोरांना घेऊन ये. पाणी सकाळी दहा ते बारा असतं. तुलाही रांगेत उभं राहावं लागेल, ते आधीच सांगून ठेवते.

तुझी,
प्रभा